अंगाचं वजन

अमेरिकन फुटबॉलचा सामना, आणि खेळ संपायला दोन मिनिटंही उरली नव्हती. ग्रीन बे पॅकर्स आठ गुणांनी पुढे होते. मिनेसोटा व्हायकिंग्जच्या कर्क कझिन्सने चेंडू फेकला आणि त्याच क्षणी क्ले मॅथ्यूज त्याच्यावर येऊन आदळला. दोघं खाली. तिकडे चेंडू पॅकर्सच्या जायर अलेक्झांडरच्या हातात जाऊन विसावला होता. सामना संपल्यात जमा. शेजाऱ्यांच्या बेसमेंटमध्ये आम्ही सातआठ जण उभे राहून ओरडत होतो. शेजारी मात्र बसूनच होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, लहानपणापासून पॅकर्स बघत आलेला. माझा मुलगा त्यांना आजोबा म्हणतो आणि तो शब्द आता त्यांनाही ओळखीचा झाला आहे. त्यांनी नुसतं पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. गवतावर पिवळा रुमाल पडला होता.

रफिंग द पासर. चेंडू फेकणाऱ्याला गैरवाजवी धडक.

अलेक्झांडरने पकडलेला चेंडू रद्द झाला. व्हायकिंग्जना तो पंधरा यार्ड पुढे परत मिळाला, त्यांनी टचडाऊन केला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन सहा गुण घेतले, वरचे दोन गुणही मिळवले आणि जादा वेळेनंतर सामना २९-२९ असा बरोबरीत सुटला. १६ सप्टेंबर २०१८. तो फटका मी त्या रात्री कितीतरी वेळा पाहिला असेल. मॅथ्यूजचं डोकं बाजूला होतं. गुडघ्याकडे तो गेला नव्हता. उशीरही केला नव्हता. त्याने कझिन्सला कवेत घेतलं आणि दोघं पडले. त्याने त्याला उचलून जमिनीत दाबलं, असं रेफरीचं म्हणणं. मला मात्र एक माणूस दुसऱ्याला धरून पडताना दिसत होता. आमच्याकडे याला पकड म्हणतात.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न. जवळजवळ प्रत्येक डाव क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होतो. तो काही पावलं मागे येतो, पुढे पळत सुटलेल्या आपल्या साथीदारांकडे बघतो आणि फेकतो. त्या क्षणी त्याचा हात वर असतो, बरगड्या उघड्या असतात, पुढचा पाय रोवलेला असतो आणि नजर पार लांब. बाजूने धावत येणारा शंभर-सव्वाशे किलोचा माणूस त्याला दिसतच नाही. ती धडक रास्त की गैर, हे ठरवायचं काम पांढऱ्या टोपीच्या मुख्य रेफरीचं, आणि तो उभा असतो क्वार्टरबॅकच्या मागे. फ्लॅग, म्हणजे तो पिवळा रुमाल, पडला की पंधरा यार्डांचा दंड आणि वर नवा पहिला प्रयत्न, आपोआप.

क्वार्टरबॅकवर सगळं किंवा बरंचसं अंगाचं वजन टाकून पडायचं नाही, हे नियमाच्या पुस्तकात आधीपासून होतं. त्या मोसमात लीगने त्यावर बोट ठेवलं आणि रेफरींना सांगितलं, हे आता कडकपणे बघा. आमच्या भागातल्या लोकांना त्याचं कारण विचारलंत तर ते १५ ऑक्टोबर २०१७ ही तारीख सांगतात. त्या दिवशी व्हायकिंग्जच्या अँथनी बारने पॅकर्सचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स याला खाली घेतलं, बार वरून पडला आणि रॉजर्सच्या उजव्या खांद्याजवळचं हाड मोडलं. तेव्हा फ्लॅग पडला नव्हता. म्हणजे ज्या नियमाची धार आपल्याच रॉजर्ससाठी वाढवली असं ही माणसं मानत होती, तोच नियम अकरा महिन्यांनी त्यांच्याच हातातला सामना घेऊन गेला. शेजारी एवढंच म्हणाले, “रॉजर्स खेळायला हवा, हे तर खरंच ना.” मग उठून त्यांनी टीव्ही बंद केला.

पडताना वजन टाकू नका. हे वाक्य मी नीट वाचलं तेव्हा मला आमच्या गावचं मैदान आठवलं.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात कबड्डी खेळत वाढलो. डावा कोपरा. कोपऱ्यावर खेळणाऱ्याचं काम घोट्याचं. चढाईपटू बोनस घ्यायला पाय टाकतो, एक पाय हवेत जातो, त्याच घडीला खाली झेपावायचं आणि जमिनीवरचा घोटा धरायचा. धरला की सुटायचा नाही. बाकीचे येऊन पडेपर्यंत धरून ठेवायचं. कबड्डीतही नियम आहेत. तोंड दाबायचं नाही, गळा आवळायचा नाही, पायांची कात्री घालायची नाही, इजा होईल अशी पकड करायची नाही. पण पकड झाल्यावर कोण कुणावर किती भाराने पडलं, हे आमच्या पंचांनी कधी मोजलं नाही. मोजणार कसं? हवेत सुटलेल्या अंगाला मालक नसतो.

एका यात्रेतल्या स्पर्धेत, रात्रीच्या सामन्यात, मी शेजारच्या तालुक्यातल्या एका चढाईपटूचा घोटा धरला. चांगला खेळाडू होता, उंच आणि चपळ. त्याने बोनसला पाय टाकला, मी खाली गेलो, घोटा हातात आला. कव्हरवाला आत आला आणि त्याने कमरेला विळखा घातला. मागून आणखी दोघं. त्याचा पाय माझ्या हातात जिथल्या तिथे रुतला होता आणि त्याच्यावर तीन माणसांचं वजन आलं. गुडघा आतल्या बाजूला गेला. तो आवाज मी हातांनी ऐकला, असंच मला म्हणता येईल, कारण घोटा अजून माझ्याच मुठीत होता. पंचांनी शिट्टी वाजवली आणि त्याला बाद दिलं. बरोबर दिलं. आमचा एकही हात नियमाबाहेर नव्हता.

चार दिवसांनी मी एसटीने त्याच्या गावी गेलो. बाहेरच्या सोप्यात तो वाकळेवर पडला होता, पाय घड्या केलेल्या गोधड्यांवर उचलून ठेवलेला. पोलीस भरतीची तारीख पुढच्या महिन्यात होती आणि त्यासाठी तो वर्षभर पहाटे पळत होता. त्याच्या आईने मला चहा दिला. मी कोण, हे तिला त्याने सांगितलं नव्हतं. “मित्र आहे,” एवढंच म्हणाला. आम्ही पावसापाण्याचं बोललो. भरतीचा विषय त्यानेही काढला नाही, मीही नाही. पुढच्या वर्षी त्याच यात्रेत मी पुन्हा डाव्या कोपऱ्यावर होतो आणि घोटा हातात आला की मूठ अर्धा क्षण सैल पडायची. ती पुढे कधीच पूर्वीसारखी आवळली नाही.

म्हणून या वादात एका बाजूला जाऊन बसणं मला जमत नाही. माझे बरेचसे ओळखीचे चाहते म्हणतात, खेळ मऊ पडत चालला. मॅथ्यूजही वैतागून तसंच काहीसं म्हणाला होता. पण मोडलेली हाडं मी विसरू शकत नाही, आणि या खेळाचा इतिहास त्यांनीच भरलेला आहे.

१८ नोव्हेंबर १९८५. वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइझमन. जायंट्सचा लॉरेन्स टेलर मागून त्याच्यावर आला आणि थाइझमनच्या उजव्या पायाची नडगीजवळची दोन्ही हाडं मोडून बाहेर आली. टेलर त्या काळातला सगळ्यात भीतीदायक बचावपटू. पण त्या दृश्यातलं मला कायम आठवतं ते पुढचं. टेलर धडपडत उठतो आणि दोन्ही हात हलवत बाकाकडे बघून डॉक्टरांना हाका मारतो. ज्याने पाडलं त्यालाच सगळ्यात आधी कळलं होतं. थाइझमन पुन्हा खेळला नाही. ती पकड नियमात होती.

दुसऱ्याच वर्षी, नोव्हेंबर १९८६ मध्ये, पॅकर्सच्या चार्ल्स मार्टिनने शिकागोच्या जिम मॅकमॅनला चेंडू सोडून बराच वेळ झाल्यावर मागून धरलं आणि खांद्यावर आपटलं. मार्टिनच्या कमरेच्या टॉवेलवर शिकागोच्या खेळाडूंचे नंबर लिहिलेले होते. त्याला बाहेर काढलं, वर दोन सामन्यांची बंदी घातली. तिथे वादाला जागाच नाही. अशा माणसांसाठी नियम हवेत आणि ते कडक हवेत. मग २००६ च्या जानेवारीत सिनसिनाटीच्या कार्सन पामरचा गुडघा गेला, २००८ च्या पहिल्याच सामन्यात टॉम ब्रेडीचा. दोन्ही वेळा बचावपटू पायांत येऊन पडला होता. दोन्ही वेळा नंतर नियम घट्ट झाला: खाली पडलेल्या बचावपटूने क्वार्टरबॅकच्या पायांकडे झेप घ्यायची नाही. हे मला पटतं. खाली पडलेला माणूस झेप घेणं टाळू शकतो. तो निर्णय त्याच्या हातात असतो.

वजनाचं तसं नाही. धावत आलेला माणूस समोरच्याला कवेत घेतो, दोघांचेही पाय सुटतात. आता वर कोण, खाली कोण, कुठल्या कुशीवर, याचा निकाल जमिनीवर पोचेपर्यंत लागतो, आणि तेवढ्यात त्याने कूस बदलायची, हाताने आधार घ्यायचा, भार सोडायचा.

पॅकर्सचा पुढचा सामना २३ सप्टेंबरला होता. मॅथ्यूजवर सलग तिसऱ्या आठवड्यात फ्लॅग पडला. या वेळी वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक ॲलेक्स स्मिथ होता. समोरून स्वच्छ धडक, दोघं खाली, पिवळा रुमाल. मॅथ्यूज हात पसरून उभा राहिला. त्याचं तोंड बघून बेसमेंटमध्ये कुणी ओरडलंही नाही.

त्याच रविवारी मायामीला आणखी एक गोष्ट घडली आणि माझ्या मते त्या अख्ख्या मोसमातली तीच सगळ्यात महत्त्वाची. डॉल्फिन्सचा विल्यम हेज हा बचावपटू ओकलंडचा क्वार्टरबॅक डेरेक कार याला खाली घेत होता. आपलं वजन कारवर पडू नये म्हणून त्याने पडता पडता अंग वळवलं, पाय अडकला आणि त्याच्या गुडघ्यातला मुख्य स्नायुबंध तुटला. त्याच्या प्रशिक्षकाने सामन्यानंतर हेच कारण सांगितलं. मोसम संपला. ज्याने नियम पाळला त्याचं काय झालं, हे दाखवणारं चित्र त्या आठवड्यात किती वेळा दाखवलं गेलं? मॅथ्यूज दिवसभर पडद्यावर होता. हेजची बातमी मी खाली, बारीक अक्षरांत वाचली.

हे का, याचा मी खूप विचार केला आहे. नियमाच्या पुस्तकात एक ओळ आहे, तिचा अर्थ असा: क्वार्टरबॅकच्या बाबतीत शंका असेल तर रेफरीने फ्लॅग टाकावाच. आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं. संशयाचा फायदा फलंदाजाला, हे आपल्याला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. इथे तो फायदा क्वार्टरबॅकला दिला आहे आणि त्यातही गैर काही नाही, कारण उघडा माणूस तो आहे. पण क्रिकेटमध्ये गोलंदाजाच्या हातची विकेट जाते, एवढंच. इथे शंकेची किंमत बचावपटूला अंगाने मोजावी लागते. पंधरा यार्ड संघाचे जातात, दंडाची रक्कम पगारातून जाते आणि हेजसारख्याचा गुडघा जातो.

पैशाचा भाग आहेच, तो झाकायचं कारण नाही. कझिन्स त्या वर्षी मिनेसोटाला आला तो तीन वर्षांच्या करारावर, आणि त्यातले ८ कोटी ४० लाख डॉलर पुरते हमीचे. एवढी हमी हेजच्या जातीच्या खेळाडूला कोण देतो? लोक रविवारी टीव्ही लावतात ते रॉजर्ससाठी, ब्रेडीसाठी. ते जायबंदी झाले की अख्खं शहर सुतकात गेल्यासारखं होतं, ते मी ग्रीन बेत पाहिलं आहे. पण रांगेत वाकून बसणारे जे अवाढव्य खेळाडू असतात, ते प्रत्येक डावाला डोक्यावर डोकं आपटतात, सामन्यात साठ-सत्तर वेळा, आणि त्यावर फ्लॅग नाही. पिट्सबर्गचा माइक वेबस्टर असाच सेंटर होता, चेंडू मागे देणारा. २००२ मध्ये पन्नाशीत गेला, आणि डॉक्टर बेनेट ओमालूंना त्याच्या मेंदूत जो आजार सापडला त्यामुळे सगळा देश हादरला. वेबस्टरला मारलेला एकही फटका कुणाला आठवत नाही, कारण तसा एक फटका नव्हताच. कॅमेऱ्यात मावेल अशी इजा थांबवण्यात या लीगचं बरंचसं मन लागलेलं आहे, असं मला वाटतं.

तरीही रेफरींवर मला राग धरता येत नाही. २९ सप्टेंबर २०२२ ला सिनसिनाटीत मायामीचा क्वार्टरबॅक टुआ टॅगोवायलोआ फिरवून खाली आपटला गेला आणि त्याच्या हातांची बोटं चेहऱ्यासमोर वाकडी होऊन गोठली. ती बोटं ज्याने पाहिली त्याची झोप उडाली असणार. चार दिवस आधीच्या सामन्यात तो मैदानावर अडखळताना दिसला होता आणि तरी परत खेळला होता. सगळी लीग हादरलेली. मग ९ ऑक्टोबरला अटलांटाच्या ग्रेडी जॅरेटने ब्रेडीला धरून गवतावर लोळवलं, अगदी साध्या रीतीने, आणि फ्लॅग पडला. एकवीस गुणांनी मागे पडलेला अटलांटाचा संघ २१-१५ पर्यंत आला होता आणि चेंडू त्यांना परत मिळणार होता, तो मिळाला नाही. ब्रेडीला विनाकारण जमिनीवर फेकलं, असं रेफरी जेरोम बोगर नंतर म्हणाले. दुसऱ्याच रात्री कॅन्सस सिटीच्या क्रिस जोन्सने डेरेक कारच्या हातातला चेंडू हिसकावला. पडताना चेंडू जोन्सच्या एका हातात होता, दुसरा हात त्याने जमिनीवर टेकला होता. आणि वजन टाकलं म्हणून फ्लॅग. चेंडू ज्याच्या हातात आहे तो कुणाला रफ करणार? स्टेडियममधला आवाज मी घरात बसून ऐकला. हुर्यो नव्हती ती, आक्रोश होता.

त्या दोन रेफरींच्या डोळ्यांसमोर ती वाकडी बोटं असतील, असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या जागी मी असतो तर माझाही हात खिशाकडे गेला असता. मागे उभं राहून, डोळ्याचं पातं लवायच्या आत, पाठमोऱ्या माणसाचं वजन जोखायचं.

म्हणूनच ती शंका एकट्या माणसाच्या गळ्यात टाकू नये. जोन्स त्या रात्री म्हणाला की असे निर्णय पुन्हा तपासता यावेत. पुढच्या वसंतात लॉस एंजेलिस रॅम्सनी तसा ठराव मांडला, तो मंजूर झाला नाही. लीगला आधीचा एक चटका आठवत असणार. २०१९ मध्ये पास पकडणाऱ्याला अडवल्याच्या निर्णयांची फेरतपासणी सुरू केली होती, ती एका मोसमातच गुंडाळावी लागली. वेळ जातो, खेळाचा ताल मोडतो, पुन्हा पाहूनही दोघांना दोन गोष्टी दिसतात. हे सगळं खरं. तरी मला वाटतं दोन मिनिटं जाऊ द्यावीत. जाहिरातींना याहून जास्त वेळ थांबतोच आपण.

माझा मुलगा आता शाळेच्या संघात बचावाच्या रांगेत खेळतो. त्याला तेच आवडलं, मी सुचवलं नव्हतं. जोन्सवर फ्लॅग पडला त्या आठवड्यात आम्ही मागच्या अंगणात गेलो होतो. त्याच्या कोचने शिकवलं होतं की धडक बसली की एका कुशीवर वळायचं आणि समोरच्याला आपल्या अंगावर घ्यायचं. त्याने पोत्यासारखा मोठा पॅड उभा केला, धावत आला, धरला, वळला. चारपाच वेळा जमलं. मग मला म्हणाला, “बाबा, तुम्ही धरा ना पॅड. तो माणसासारखा ओढत नाही.” मी धरला. तो आला आणि आम्ही दोघं पडलो. पडताना त्याने वळायचा प्रयत्न केला हे मला खांद्यात कळलं, आणि तरी त्याचं निम्मं वजन माझ्या छातीवर आलं. मी ओली माती झटकत उठलो. तो घाबरून माझ्याकडे बघत होता. “लागलं?” नाही म्हटलं. “मी वळलो होतो, बाबा. खरंच वळलो होतो.”

मला माहीत होतं. पाठीमागे उभ्या असलेल्या कुणाला ते दिसलं नसतं.

आणि ॲलेक्स स्मिथ. सप्टेंबरच्या त्या धडकेनंतर तो उठला, खेळत राहिला, वॉशिंग्टन तो सामना जिंकलं. मग १८ नोव्हेंबर २०१८ ला, थाइझमनचा पाय मोडला त्याला बरोबर तेहतीस वर्षं झाली त्या दिवशी, ह्यूस्टनच्या जे. जे. वॉट आणि करीम जॅक्सनने त्याला खाली घेतलं आणि त्याच्या उजव्या पायाची हाडं मोडली. थाइझमन त्या दिवशी स्टेडियममध्येच होता. या वेळी फ्लॅग नव्हता, असायलाही नको होता. मग जंतुसंसर्ग, पाय कापायची वेळ येते की काय असे दिवस, सतरा शस्त्रक्रिया. ज्या धडकेला पंधरा यार्डांचा दंड झाला ती त्याने झटकून टाकली होती. दोन महिन्यांनी जी धडक नियमाला धरून होती तिने त्याची दोन वर्षं नेली.

११ ऑक्टोबर २०२० ला तो परत मैदानात उतरला. करोनाचे दिवस, बाकं रिकामी, वर कुठेतरी त्याची बायको आणि मुलं बसलेली. बाहेर पाऊस होता आणि आम्ही तिघं सोफ्यावर होतो. शेजाऱ्यांकडे जाणं तेव्हा बंदच होतं, त्यांनी फोन केला होता, लावलंय का म्हणून. थोड्याच वेळात रॅम्सचा ॲरन डोनल्ड मागून आला. त्या काळातला सगळ्यात ताकदवान बचावपटू. त्याने स्मिथच्या पाठीवर अक्षरशः उडी घेतली, पाठुंगळी बसावं तशी, आणि त्याचं सगळं वजन स्मिथच्या दोन पायांवर आलं.

मी टीव्हीवर फक्त उजवा पाय बघत होतो. गवतावर पिवळं काही पडलं का, ते त्या वेळी माझ्या मनातही आलं नाही. माझी डावी मूठ मुलाच्या मनगटावर होती आणि ती कधी आवळली गेली ते मला कळलं नाही. स्मिथ खाली गेला. डोनल्ड बाजूला झाला. स्मिथने एक हात टेकला, मग गुडघा, आणि उठून आपल्या खेळाडूंकडे चालत गेला.

“बाबा, हात,” मुलगा हळूच म्हणाला. “सोडा आता.”